चौथ्या पानावरची ओळ

हे माझ्या नवऱ्याला ठाऊक नाही. मुलाला नाही, शाळेतल्या जुन्या मैत्रिणींनाही नाही. आणि जिला सगळ्यांच्या आधी कळायला हवं होतं — माझी धाकटी जाऊ, मंगल — तिला तर मी एका शब्दानं बोललेले नाही. पाच वर्षं झाली. पाच वर्षं हे पोटात ठेवून मी भाजी आणते, लग्नाकार्याला जाते, लोकांना सल्ले देते. आज तुम्हाला सांगते आहे. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून धीर होतोय, हेही आधीच सांगून टाकते.

गोष्ट ऐकून तुम्ही कदाचित म्हणाल, एवढंच होय? कुणाचा जीव गेला नाही, कुणाचा संसार मोडला नाही. एका गोधडीवर डाग पडले. मीसुद्धा स्वतःची हीच समजूत घालत आले — गोधडीच ना ती? पण मग पाच वर्षं कशाला लागली मला हे बोलायला?

आधी मी कोण ते सांगते. मी नाशिकरोडला एका शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. चूक शोधणं हा माझा धंदाच होता. दुसऱ्याची चूक मला लांबून दिसते, आणि दिसली की गप्प बसवत नाही. घरात सगळे म्हणतात, हिच्या हातात अजून लाल पेन आहे. हे मी कौतुक म्हणून घेत आले.

माझे मिस्टर आणि मंगलचे मिस्टर सख्खे भाऊ. दोघेही एकलहऱ्याच्या वीज केंद्रात होते, तिथल्याच वसाहतीत आमची अर्धी हयात गेली. नंतर जेलरोडला एकाच इमारतीत घरं घेतली. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, ती तळमजल्यावर. मंगल येवल्याच्या पुढच्या एका खेड्यातली, सातवीपर्यंत शिकलेली. मी नोकरीला जायची तेव्हा माझ्या मुलाला तिनंच सांभाळलं. मला ती पहिल्या दिवसापासून ‘ताई’ म्हणते, आणि कुठलंही इंग्रजी पत्र, औषधाची चिठ्ठी, विम्याचा कागद आला की माझ्याकडे घेऊन येते. ‘ताई वाचतील,’ असं ती घरातल्यांना सांगते. मला हे फार आवडायचं. किती आवडायचं, ते मला तेव्हा कळलं नव्हतं.

तिच्या हातात मात्र काय होतं, ते सांगायला हवं. मंगल गोधडी शिवते ती डोळ्यांच्या अंदाजानं. फूटपट्टी नाही, टेप नाही. जुनी पातळं, धोतरं पसरायची, चार बाजूंनी टाचून घ्यायची आणि कडेपासून धावदोरा घालत आत आत यायचं. ओळ कधी वाकडी गेली नाही. वसाहतीत कुणाकडे पाळणा हलायचा असला की तिच्याकडे निरोप यायचा. मी कौतुक करायची. तोंडभरून करायची.

निवृत्त झाल्यावर मला काहीतरी हातकाम शिकायचं होतं. मोबाइलवर एकदा कापडी चित्रांच्या रजया दिसल्या — कापडाची पानं, फुलं, पाखरं कापून दुसऱ्या कापडावर बारीक टाक्यांनी शिवायची. ॲप्लिक म्हणतात. मंगलला दाखवलं तर ती म्हणाली, ‘हे तर ठिगळाचं काम हाय, ताई.’ मला ते बरं वाटलं नाही. मी तिला समजावून सांगितलं की ठिगळ म्हणजे फाटलेलं झाकणं, आणि ही कला आहे. तिनं मान डोलावली.

या कलेचे नमुने इंटरनेटवर मिळतात. डाउनलोड करायचे, छापायचे, आकार कापायचे आणि त्यावर कापड बेतायचं. मी एक नमुना उतरवून घेतला. सहा पानांची फाइल होती. पहिल्या पानावर पुऱ्या रजईचं चित्र — नऊ पांढरे चौकोन, प्रत्येकात पानांची वेल, लाल फळांचे घोस आणि एक पाखरू. दोन-तीन पानांवर आकार, त्यांना क्रमांक. चौथ्या पानावर बारीक अक्षरात सगळी कृती, एकाखाली एक. वाचताना मला शाळेत असल्यासारखं वाटलं. इंग्रजी येणाऱ्यालाच हे जमणार, असं वाटलं. खोटं कशाला बोलू, मंगलला हे एकटीनं कधीच जमणार नाही, असंही वाटलं.

मी झेरॉक्सच्या दुकानात जाऊन पानं छापून आणली. थाटात खाली गेले. मंगलनं पानाचा आकार हातात घेतला, कृतीतल्या मापानं मी कापून नेलेल्या देठाच्या कापडी पट्टीशी धरला, बोटाचं पेर लावून पाहिलं आणि म्हणाली, ‘ताई, हे पान लहान झालंय. देठ झाकायचा नाय यानं.’ मी म्हटलं, छापील आहे, चुकेल कसं? तिनं तो आकार माझ्या हातात परत दिला. वर येऊन मी फाइल उघडली. दुसऱ्या पानाच्या कोपऱ्यात एक छोटा चौकोन होता, त्याखाली लिहिलं होतं की छापल्यावर हा बरोबर एक इंच भरला पाहिजे, मूळ मापातच छापा. माझा पाऊण इंच भरला. दुकानदारानं कागदात बसवायला सगळं आकसून छापलं होतं आणि मी ती सूचना वाचलीच नव्हती.

तुम्ही म्हणाल, होतं असं. होतंच. पण संक्रांतीच्या हळदीकुंकवाला इमारतीतल्या पंधरा-वीस बायका जमल्या होत्या, त्यांना मंगलनं हा किस्सा सांगितला. ‘आमच्या ताईंना एवढं इंग्रजी येतं, पण पान मात्र बाळाच्या कानाएवढं छापून आणलं.’ सगळ्या हसल्या. मीही हसले. तिच्या मनात काही नव्हतं, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. ती माझ्याशी मायेनं चेष्टा करत होती, जशी घरातली माणसं करतात. घरी येऊन मी तिळगुळाचा डबा फडताळात ठेवला. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

याच सुमाराला मंगलच्या मुलीला, रूपालीला, दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण, माहेरी येणार होती. तान्ह्या बाळाच्या अंगाखाली आपल्याकडे नवं कापड घालत नाहीत — घरातल्या म्हाताऱ्या बाईचं, धुऊन धुऊन मऊ झालेलं पातळ लागतं. मंगलच्या आईचं एकच पातळ उरलं होतं. पांढरं सुती, हिरव्या बारीक काठाचं. आई जाऊन बारा वर्षं झाली होती आणि ते पातळ मंगलनं लोखंडी पेटीत कडुनिंबाचा पाला घालून जपलं होतं. एक दिवस ते घेऊन ती वर आली. म्हणाली, ‘ताई, तुमच्या कागदावरची गोधडी याच्यावर करू. नातीला पणजीचं पातळ अन् तुमची नक्षी.’ नातच होणार, असं तिनं धरूनच टाकलं होतं.

माझी नक्षी म्हणाली ती. लक्षात घ्या. मला वाटा देत होती.

पातळ कापताना तिचा हात थांबला. कात्री धरून ती हळू म्हणाली, ‘आई, कापते हां.’ मग तिनं एका दमात नऊ चौकोन कापले. उरलेला काठ तिनं गुंडाळून परत पेटीत ठेवला. पातळ आता एवढंच होतं — नऊ चौकोन. पुन्हा मिळणार नव्हतं.

नक्षी उतरवायची होती. मंगल एरवी खुणा करते अंगाच्या साबणाच्या झिजलेल्या पापडीनं. पण पांढऱ्यावर पांढरा साबण दिसेना. मी खास निळं पेन मागवलं, पाण्यानं जाणारं. तीच म्हणाली, ‘रेघा तुम्ही काढा, ताई. तुमचं अक्षर चांगलं हाय.’ मी खिडकीच्या काचेवर बरोबर मापात पुन्हा छापून आणलेला कागद लावला, वर कापड धरलं आणि नऊच्या नऊ चौकोनांवर नक्षी गिरवली. माझ्या रेघा जाड आल्या, कुठे दुहेरी. ‘जाणारच आहेत पाण्यानं,’ असं मीच म्हणाले.

आणि मग मंगलनं काम सुरू केलं. तिनं दोन चौकोनांनंतर नमुना बाजूला ठेवला. ती लाल फळं कसली, ते आम्हा दोघींनाही कळलं नव्हतं, तिनं त्यांची द्राक्षं केली. एवढीएवढी गोल द्राक्षं — शर्टाच्या बटणावर कापड ओढून, धागा आवळून, बटण काढून घ्यायची. घोस जरा खाली आणले, ओझ्यानं लोंबावेत तसे. पाखराची शेपटी आखूड केली. माझ्या रेघा एकीकडे राहिल्या आणि तिची पानं आपल्या जागी बसली. टाका कुठे शोधून सापडत नव्हता. मी माझ्या घरी विकतच्या कापडावर हाच नमुना करत होते. माझी पानं शेंड्याला फुगत होती, गोल ते गोल होत नव्हते. तीन वेळा उसवून मी शेवटी प्रत्येक चौकोनात एकच मोठं पान लावलं आणि वेल, फळं, पाखरू सगळं सोडून दिलं.

आता ती दुपार. इथवर येताना मी किती रेंगाळले ते तुम्हाला दिसतंच आहे.

मंगलचे नऊ चौकोन झाले होते. रूपाली आतल्या खोलीत झोपली होती, नववा महिना भरत आला होता. मंगलनं चहा टाकला आणि म्हणाली, ‘ताई, आता पुढं काय लिव्हलंय ते वाचा.’ मी चौथं पान काढलं. मी एकेक ओळ इंग्रजीत वाचायची आणि मराठीत सांगायची, अशीच आमची पद्धत होती. दहावी ओळ होती — पेनच्या सगळ्या खुणा गार पाण्यानं पूर्ण धुऊन टाका, खुणा असताना इस्त्री करू नका, उष्णतेनं त्या कायमच्या बसतात. अकरावी ओळ होती — इस्त्री करा.

मी अकरावी ओळ सांगितली.

मी स्वतःला सांगत आले की मी विसरले. मनातल्या मनात, पुष्कळ वर्षं. वाचताना डोळा घसरतो, ओळ सुटते, कुणाचीही सुटते. एक इंचाची सूचना नव्हती का सुटली? पण ती खरोखर सुटली होती. ही मी वाचली. दोनदा वाचली. माझ्या घरच्या चौकोनांसाठी आदल्या रात्रीच वाचली होती आणि माझे चौकोन सकाळी गार पाण्यात घालून दोरीवर वाळत टाकूनच मी खाली आले होते.

काय होतं माझ्या मनात? मोठा काही बेत नव्हता. त्या वेळी एवढंच होतं की एक चूक तिच्या हातून व्हावी. एक. बायकांना सांगता येईल अशी. मग मी म्हणेन, अगं, आधी धुवायचं असतं. मी म्हणेन आणि ती म्हणेल, माझं कसं बाई लक्ष गेलं नाही. एवढंच. पण ते आईचं पातळ होतं, हे मला कळत नव्हतं का? कळत होतं. मी समोर बसून तिला कापताना पाहिलं होतं.

तिनं खाटेवर चादर चौपदरी घातली. इस्त्रीचा दिवा लागला. मी चहा पीत होते. पहिला चौकोन तिनं उलटा ठेवला, हळूच दाबला, सुलटा केला. निळ्या रेघा मातकट झाल्या होत्या. ती थबकली. ‘ताई, रेघ काळी पडली का वो?’

तेव्हा सांगता आलं असतं. आठ चौकोन बाकी होते. ‘थांब गं, आधी धुवायचे होते,’ इतकंच म्हणायचं होतं. एका चौकोनाच्या जागी तिनं दुसरं काही केलं असतं, काठाचा तुकडा लावला असता, तिला सुचलं असतं.

मी म्हणाले, ‘धुतल्यावर जाईल.’

तिनं उरलेल्या आठांवर इस्त्री फिरवली. एकेक करून. मी प्रत्येक चौकोन घडी घालून बाजूला ठेवायला तिला मदत केली.

निघताना मी चौथं पान माझ्या पिशवीत घातलं. बाकी पाच पानं तिच्याकडेच राहिली. रूपालीला इंग्रजी येतं. विसरलेल्या बाईनं ते एकच पान कशाला घरी आणलं असतं? अजून ते माझ्याकडे आहे, कपाटात, विम्याच्या कागदांखाली.

पुढचे तीन आठवडे मंगल ती गोधडी भरत होती. आत जुनी धोतरं, खाली स्वतःचं मऊ पातळ, आणि पानाफुलांच्या भोवतीनं धावदोरा. मधेच रूपाली बाळंत झाली. मुलगीच झाली. मंगल दवाखान्यातून येऊन बाळंतिणीचं करायची आणि जरा सवड मिळाली की गोधडी घेऊन बसायची. मला दोनदा विचारलं तिनं — ‘जाईल ना वो ते?’ मी दोनदा हो म्हणाले. त्या आठवड्यांत कधीही सांगितलं असतं तरी डाग गेले नसते, हे खरं. पण तिला निदान कळलं असतं की ती कशावर एवढे टाके घालतेय.

बारशाच्या दोन दिवस आधी तिनं गोधडी रिठ्याच्या पाण्यात धुतली. ओली गोधडी बादलीत घेऊन ती दोन मजले चढून आली. ‘ताई, हे बघा ना. जात नाय.’ मातकट रेघा जशाच्या तशा होत्या — माझ्या हातच्या, जाड, दुहेरी. तिची पानं त्यांच्यापासून बोटभर लांब, आणि मधे त्या रेघा, चहा सांडून वाळल्यासारख्या. आम्ही दोघींनी लिंबू चोळलं. खायचा सोडा लावला. गच्चीवर उन्हात घातली, पुन्हा भिजवली, पुन्हा घातली. मी तिच्या बरोबरीनं लिंबू चोळत होते, बरं का. माझी बोटं चुरचुरत होती आणि ती म्हणत होती, ‘राहू द्या ताई, तुम्ही कशाला त्रास घेता.’ याची मला आज जेवढी लाज वाटते तेवढी त्या इस्त्रीचीही वाटत नाही.

तिनं हार मानली नाही. त्या दोन दिवसांत जिथे जमेल तिथे रेघांवर नवी पानं शिवली. सगळ्या झाकल्या जाईनात. तरी बारशाला तिनं तीच गोधडी पाळण्यात अंथरली.

बारसं तळमजल्यावरच, तिच्या घरात होतं. सिन्नरहून रूपालीच्या सासूबाई आल्या होत्या. भल्या बाई आहेत, आवाज चढवणाऱ्यातल्या नाहीत. बाळाला पाळण्यात घालायच्या आधी त्यांनी गोधडीवरून हात फिरवला, कौतुक केलं, आणि मग विचारलं, ‘हे डाग कसले वो?’ मंगल म्हणाली, पेनाच्या रेघा आहेत, निघाल्या नाहीत. त्या बाईंनी काही वेडंवाकडं म्हटलं नाही. एवढंच म्हणाल्या की शाई आहे, तान्ह्या अंगाला नको, बाळ कोपरा तोंडात घालतं. बरोबरच होतं त्यांचं. मग कुणीतरी विचारलं, दुसरी काही आहे का अंथरायला?

होती. माझी. बाळाला द्यायला म्हणून मी पिशवीत घालून आणली होती — विकतच्या नव्या कापडाची, एकेका पानाची, स्वच्छ. नवं कापड बाळाखाली घालत नाहीत हे तिथल्या प्रत्येकीला ठाऊक होतं. पण डाग नव्हते. रूपालीच्या सासूबाईंनी ती अंथरली. मंगलनं आपली गोधडी काढून घेतली आणि छातीशी धरून उभी राहिली.

सासूबाईंनी सहज विचारलं, ‘आधी धुवायचं असतं का काय त्या पेनाचं? कुणी सांगितलं नाही यांना?’

माझ्याकडे कुणी बघतही नव्हतं. मला कुणी विचारलं नव्हतं. गप्प राहिले असते तरी चाललं असतं. आणि मी म्हणाले, ‘मी सांगितलं होतं.’

माझ्या आवाजात वर्गातला तो सूर होता. मलाच ऐकू आला.

मंगलनं माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग ती सासूबाईंकडे वळून म्हणाली, ‘व्हय, ताईंनी सांगितलं व्हतं. माझ्याच ध्यानात राहिलं नाय.’

बायकांनी पाळणा म्हटला, घुगऱ्या वाटल्या. फोटो निघाले. त्यातला एक मंगलच्या बाहेरच्या खोलीत भिंतीवर आहे — पाळण्यात बाळ आणि बाळाखाली माझं शेंड्याला फुगलेलं हिरवं पान.

तेव्हापासून मी एकाच गोष्टीचा विचार करते. तिनं तसं का म्हटलं? तिला खरंच वाटलं का, की मी सांगितलं असेल आणि तीच विसरली? माझ्या शब्दावर तिचा इतका विश्वास होता, की स्वतःच्या आठवणीपेक्षा तो तिला खरा वाटला? की तिला सगळं कळलं होतं, आणि चारचौघींत थोरल्या जावेचा शब्द खोटा पडू नये म्हणून तिनं तो स्वतःवर घेतला? पहिलं खरं असेल तर मी तिचा तिच्या हातांवरचा विश्वास काढून घेतला. दुसरं खरं असेल तर — मला पुढचं वाक्य येत नाही.

त्यानंतर मंगलनं गोधडी शिवली नाही. कुणी विचारलं तर म्हणते, ‘आता ध्यान राहत नाय माझं, काहीतरी घोळ करून ठेवीन.’ ती डागांची गोधडी तिनं लोखंडी पेटीत ठेवली आहे, काठाच्या गुंडाळीशेजारी. माझी गोधडी मात्र त्या पोरीला इतकी लागते की ती घेतल्याशिवाय झोपत नाही, आजोळी येताना बरोबर आणते. माझे टाके सैल, दर सुट्टीत कुठेतरी उसवतात. मंगल ते घालून देते. दारात बसून, चष्मा लावून, माझ्या पानाची कड दुमडते आणि घालून देते. एकदा मी तिथून जात होते तर तिनं हाक मारून दाखवलं, ‘बघा ताई, तुमचंच पान हाय, पक्कं करून दिलंय.’

सांगायचं अनेकदा ठरवलं. जिना उतरून तिच्या दारापर्यंत गेले आणि कोथिंबीर मागून परत आले. एकदा ती आजारी होती, पंधरा दिवस मी तिचं सगळं केलं, डोक्याशी बसले. लोक म्हणाले, जावा असाव्या तर अशा. मी त्यांनाही थांबवलं नाही.

आता रूपालीला दुसऱ्यांदा दिवस गेले आहेत. गेल्या महिन्यात मंगलनं मला खाली बोलावलं. चहा ठेवला. खूप वेळ इकडचं तिकडचं बोलली. मग पदराशी चाळा करत म्हणाली, ‘ताई, या बाळाचं बी तुम्हीच शिवा. पण मला शेजारी बसवा. आधी काय करायचं, मग काय करायचं, ते सगळं मी वहीत लिहून घेते या खेपेला.’ आणि तिनं खरंच वही काढली, नातीची, चित्रांची. पेन्सिल हातात घेतली. एकेक अक्षर जुळवत तिनं माझ्याकडून क्रम लिहून घेतला — कापड धुवायचं, नक्षी काढायची, आकार शिवायचे.

‘मग?’ तिनं विचारलं.

मी म्हणाले, मग गार पाण्यानं खुणा धुवायच्या. आणि नंतर इस्त्री.

तिनं ते लिहिलं. खाली रेघ मारली. पेन्सिल तशीच धरून वर पाहिलं. ‘हेच सांगितलं व्हतं ना तुम्ही मागच्या वेळी?’

घरात दुसरं कुणी नव्हतं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, संशय नव्हता, काहीच नव्हतं. ती नुसती उत्तराची वाट बघत होती.

मी म्हणाले, ‘हो.’